सोड्यानं काळे पडणारे लंगोट

आत्या तान्ही होती तेव्हा तिचे लंगोट सोड्यानं धुतले की काळे पडायचे.
डागाळलेले नाही. काळे. शाईसारखे.

आज सकाळी सव्वानऊला सुभद्राआत्या गेली.

जन्म त्रेचाळीसचा की चव्वेचाळीसचा, कुणी लिहून ठेवलं नाही. मी अंदाजानं ठोकणार नाही. अनसिंगजवळ आमचा वांगी-मिरचीचा मळा होता, तिथली ही गोष्ट. आजीच्या, म्हणजे आत्याच्या आईच्या तोंडून ऐकलेली.

आजी जितकं घासायची, तितका लंगोट काळा.
तिची सासू म्हणाली, "पोरीले बाहेरचं लागलं. उद्या दोघींले मायेरी धाडतो."


दुसऱ्या दिवशी आजीनं दोन लंगोट धुतले. एक सोड्यात, एक नुसत्या विहिरीच्या पाण्यात. कुंपणावर शेजारीशेजारी वाळत घातले आणि सासूला हाक मारली.

"पाहा मामी. सोडाच खराब हाय."
"माहा सोडा?"
"मंग काय माही पोरगी?"

सासू दिवसभर दुकानदाराला शिव्या देत बसली.
आत्या घरात राहिली.
धुण्याचा सोडा मात्र पुन्हा कधी घरात आला नाही.

म्हातारपणी आत्याचे गुडघे गेले, कंबर गेली. वाशिमच्या डॉक्टरांनी गुडघे सोडून आधी कान पाहिले. वरची कड निळसर. (पाळी नव्हे, कड.)
आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया. जन्मजात.

मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही, पण त्या आठवड्यात मिळेल ते वाचून काढलं. शरीरात एक द्रव्य मोडत नाही. लघवीतून जातं, सोडा लागला की काळं होतं. उरलेलं सांध्यांत साठतं.

मोठ्या ऐटीत आत्याला सांगितलं, "सोड्यात काही दोष नव्हता. तुझ्यातच होता."

ती म्हणाली,
"काहून सांगून राह्यला रे मले? माह्या मायनं दोष सोड्यावर घातला होता. राहू दे तिथंच."

पुन्हा विषय काढला नाही.

शेवटची तीन वर्षं ती माझ्याकडे अंथरुणावर होती. रोज दोन चादरी. थकलो, खोटं कशाला बोलू.
शेजारी म्हणायचे, "पावडर टाक न बाप्पा, लवकर निघंन."
नाही टाकली. तिच्यातही सोडाच.

आज तिला पोचवून आलो आणि शेवटची चादर धुतली. नुसत्या पाण्यानं.
दोरीवर आहे. पांढरी नाही, पिवळट आहे.
पण काळी नाही.

आत्या, सोडाच खराब होता.
जा आता.