हुशार डस्टबिन आणि सेव घातलेले पोहे

आमच्या इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या शाळेत विज्ञान आणि कॉम्प्युटर हे दोन विषय एक झाले, तेव्हा मला वाटलं, चला, देवाला दया आली. इतकी वर्षं मी एका खोलीत विद्युतप्रवाह शिकवायची आणि शेजारच्या खोलीत तीच पोरं माऊस धरून चिमणीत रंग भरायची. आता जे शिकायचं ते हातानं करून बघायचं, त्यातूनच यंत्र बनवायचं. कल्पना अगदी सोन्यासारखी. ती आमच्या मॅनेजमेंटच्या हाती पडली आणि त्यांनी सगळ्यात आधी तिचा फ्लेक्स छापून गेटवर लावला.

मग माझी जुनी प्रयोगशाळा गेली. परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, तारा, बॅटऱ्या सगळं खोक्यात भरून जिन्याखाली सरकवलं आणि तिथे निळ्या दिव्यांची 'टेक लॅब' आली. कंपनीची सीलबंद किटं आली. किटांबरोबर एक कोऑर्डिनेटर सरजी पण आले. ते दर वाक्याला 'बेसिकली' म्हणायचे. बेसिकली त्यांना विज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं, पण किट खोलायचं नाही, वायर हलवायची नाही, वॉरंटी जाते, एवढं मात्र तोंडपाठ. म्हणजे पोरांनी यंत्र बनवायचं, पण यंत्राला हात लावायचा नाही. मी स्टाफरूममध्ये हे बोलून दाखवलं तर सगळे चहात बघायला लागले.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन ठरलं. ज्यांचं मॉडेल पाहुण्यांसमोर नीट चालेल, ती पोरं पुढच्या वर्षी 'इनोव्हेशन बॅच'मध्ये, लॅब त्यांची. बाकीच्यांनी वर्गात बसून स्मार्ट बोर्डावर लॅबचे व्हिडिओ बघायचे. पोहायला शिकवायचं आणि अर्ध्यांना नदीचा फोटो दाखवायचा, तसलाच प्रकार.

माझ्या सातवीत एक मुलगी होती. आजोबा महूला फौजेत होते, वडील विम्याच्या ऑफिसात. पोरगी वर्गात तोंड उघडेल तर शपथ, पण स्क्रू दिसला की हात शिवशिवायचे. एकदा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, बाकी काही नको. पण लॅब सुटली तर मी काय करू?" मी म्हटलं, "नाही सुटणार गं. टेन्शन नको घेऊ." कशाच्या जिवावर बोलले मी ते, कोण जाणे.

तिच्या वाट्याला आला हुशार डस्टबिन. इंदूरच्या शाळेत दुसरं येणार तरी काय. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की अख्खी गल्ली गीला-सूखा कचरा वेगळा घेऊन दारात उभी असते. इथली पोरं बाराखडीच्या आधी तेच शिकतात. या डब्याच्या तोंडाशी ओलावा ओळखणारी एक पट्टी होती. कचरा टाकला की पट्टी ठरवणार, ओला की सुका, आणि आतली फळी त्या बाजूला कलणार. तालमीत दोनच पदार्थ, भिजवलेला स्पंज आणि पेपरचा बोळा. शेवटी हात जोडून म्हणायचं, "थँक यू सर, वेस्ट सक्सेसफुली सेग्रिगेटेड." हे वाक्य मात्र सरजींनी जिवाचं रान करून घोटून घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे हातात पोह्यांची कागदी प्लेट घेऊनच फिरत होते. आमच्याकडे कार्यक्रम कसलाही असो, आधी पोहे. उरलेल्या पोह्यांवर सेवचा थर, बाजूला लिंबाची फोड. "देखें तो भिया, क्या कमाल है," म्हणत त्यांनी अख्खी प्लेट डब्यात पालथी केली. पट्टीला लागली सेव. डब्यानं जरा विचार केला आणि पोह्यांसकट सगळं सुक्यात ढकललं. टाळ्या पडल्या.

आता पोरीनं हात जोडायचे. तिनं बाही वर केली, डब्यात हात घातला, प्लेट काढली, पोहे न् लिंबू ओल्यात निपटले आणि प्लेट सुक्यात टाकली. रोज सकाळी घरी करते तसं. मग म्हणाली, "सर, सेव सूखी है, पर पोहा तो गीला है. इसको ऊपर-ऊपर का ही पता चलता है." वर्षभरात मी ऐकलेलं तिचं ते सगळ्यात लांब बोलणं. प्रिन्सिपल मॅमचं हसू तिथंच गोठलं आणि संध्याकाळी निकाल आला की मॉडेल फेल.

दुसऱ्या दिवशी मी अशी काही भडकले होते की सरळ जिन्याखालचं खोकं ओढून वर्गात आणलं. बॅटरी, तारा, दोन खिळे, एक बारीक एलईडी दिवा. पोरांनी आपापले जेवणाचे डबे उघडले. कोरड्या सेवमध्ये खिळे खुपसले, दिवा नाही. सेव पाण्यात कालवली, दिवा लागला. मग लिंबू, मग काकडी, मग नुसतं पाणी आणि मीठ घातलेलं पाणी. वर्गाचा नुसता मासळीबाजार झाला. आणि ती गप्प पोरगी सगळ्यांच्या वर आवाज काढून सांगत होती, "अरे, पट्टीला ओलं-बिलं काही कळत नाही, वीज जाते का तेवढंच ती बघते. तिला खालून लावा, पाणी खालीच उतरणार ना." फ्लेक्सवर छापलं होतं ते शिक्षण त्या तासाला खरंच झालं. सरजी दारातून डोकावून म्हणाले, "बेसिकली मॅडम, ये सिलॅबस में नहीं है."

मग मी प्रिन्सिपल मॅमच्या हातापाया पडले. मोठ्या उपकारानं आणखी एक संधी मिळाली, शनिवारी, ट्रस्टींसमोर. मी म्हटलं, तेवढी पट्टी खाली लावू द्या. उत्तर मिळालं, वॉरंटी.

शनिवारी ट्रस्टींनी अर्धी कचोरी डब्यात टाकली, आत चटणी ठिबकत होती. पट्टीला लागलं कोरडं कवच. डबा म्हणाला, सुका. पोरीनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात वर उचलला, मला वाटलं, आता बाही वर करणार. तिनं दुसराही हात उचलला आणि दोन्ही जोडले.

"थँक यू सर, वेस्ट सक्सेसफुली सेग्रिगेटेड."

टाळ्या. इनोव्हेशन बॅचमध्ये नाव पक्कं. प्रिन्सिपल मॅम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "देखा मॅडम, इंटिग्रेटेड लर्निंग का असर? बच्ची कितनी जल्दी सीख गई." मी मान हलवली. शिकली खरी.

सगळे पोहे खायला गेल्यावर मी ती कचोरी काढायला परत आले, तर पोरगी आधीच तिथं, बाही वर करून डब्यात कोपरापर्यंत हात. मला बघून दचकली.

"मॅडम, मला माहीत आहे ती ओली आहे," ती म्हणाली. "पण लॅब पाहिजे ना."

रागवायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मी डबा धरला आणि तिनं कचोरी ओल्यात टाकली.