चार कांड्या

त्याला सगळी गोदी 'लोणी' म्हणायची. अंगाने म्हणाल तर वाळकुडा, आणि तोंडाने असा फटकळ की समोरच्याची बोलतीच बंद. लोण्याशी त्याचा संबंध एवढाच, की पाहुण्यांसमोर वीतभर जाडीचं पोलाद कापताना तो दरवेळी म्हणायचा, "बघा साहेब, अगदी लोण्यासारखं!" जहाजं दुरुस्त करायच्या त्या गोदीत वीस वर्षं तो गॅसने पत्रे कापायचा. अशा माणसाला कोण विचारतो हो? मग एक दिवस ती पेटी आली आणि लोण्याचं नशीब फिरलं. फिरलं कसलं, वाटोळं झालं; पण ते कळायला चार वर्षं जावी लागली.

पेटीत पाठीवर घ्यायची ऑक्सिजनची लहानशी बाटली होती, हातात धरायची मूठ होती आणि हातभर लांबीच्या शंभरेक नळ्या होत्या, आत लोखंडी तारा ठासलेल्या. कामगार त्यांना कांड्या म्हणत. मुठीत कांडी खोचायची, टोकाला बॅटरीची ठिणगी द्यायची आणि ऑक्सिजन सोडायचा. कांडी स्वतः जळत जायची आणि समोर येईल ते वितळवायची, मग ते गंजलेलं असो, रंग दिलेलं असो, नाहीतर गॅसला दाद न देणारं स्टेनलेस असो. मिनिटभरात कांडी संपली की दुसरी लावायची. कुणी यंत्रात किंवा लोखंडाखाली अडकलं तर एकट्या माणसाने पेटी घेऊन धावत जावं आणि त्याला मोकळं करावं, यासाठी ती आणलेली. लोण्याला तीन दिवस शिकवलं, छातीवर सुटका पथकाचा बिल्ला लावला, आणि गडी एका रात्रीत साहेब लोकांच्या शेजारी उभा राहायला लागला.

अपघात काही झाला नाही. पाहुणे मात्र आले. आज कुठलं शिष्टमंडळ, उद्या विमावाले, परवा मोठ्या साहेबांच्या सौभाग्यवती. प्रत्येकाला प्रात्यक्षिक हवं. त्यात लोण्याचा हात असा स्थिर, की कांडीने जाड पोलादी पाट्यात आरपार अक्षरं कोरायचा. पाहुण्याचं नाव कापून, थंड करून, रिबीन बांधून हातात द्यायचं. टाळ्या काय, फोटो काय! आणि खोटं कशाला सांगा, लोण्याला ते आवडायचं. वीस वर्षं ज्याला कुणी नावानं हाक मारली नाही, तो आता दुसऱ्यांची नावं पोलादात काढत होता.

कांड्या कमी व्हायला लागल्या तेव्हा त्याने नव्या मागितल्या. स्टोअरवाल्याने चष्म्यावरून बघितलं. "अपघात क्रमांक?"

"अपघात झालाच नाही."

"मग वापरल्या कशा? वापर फक्त अपघातात धरतात. प्रात्यक्षिकाचा रकाना फॉर्ममध्ये नाही."

"मग रकाना तुमच्या कपाळावर काढून देऊ का?" असं म्हणून लोणी तणतणत मोठ्या साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले बघू. सहा महिने बघत होते. शेवटी लोण्याने चार कांड्या गुपचूप आपल्या कपाटात घातल्या आणि कुलूप लावलं. या चार, कुणाचा बापही आला तरी द्यायच्या नाहीत, असं त्याने मनाशी ठरवलं.

बाप नाही आला, भाची आली. गोदीत वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना काम दाखवायला बोलवायचे. लोण्याची धाकटी बहीण आली, नऊ वर्षांची भाची आली. मेहुणा तर तिथेच फिटर होता. लोण्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. ही पोर म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत. "मामा, माझं नाव काढ ना!" ती त्याच्या हाताला लोंबकळली. लोणी म्हणाला, "संपलं गं सामान." मेहुणा हसून म्हणाला, "दादा, साहेबांच्या बायकोसाठी असतं, आमच्या पोरीसाठी संपलं होय?" झालं. लोणी तरातरा गेला, कपाट उघडलं. तीन अक्षरांना चार कांड्या लागल्या. पोरीने तो जड पाटा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला, आणि लोण्याला वाटलं, आयुष्यात केलेलं एकच काम सार्थकी लागलं.

पाच आठवड्यांनी, भर दुपारी, गोदीच्या दरवाजाचा पोलादी दांडा निसटला आणि त्याच्या नि भिंतीच्या मध्ये एका माणसाचा पाय सापडला. भोंगा झाला. लोणी पेटी पाठीवर टाकून धावला, सवयीने. जवळ गेला तेव्हा दिसलं, मेहुणा आहे.

दांडा क्रेनने उचलायचा तर आधी बिजागरीची पिन कापायला हवी होती. मनगटाहून जाड, स्टेनलेसची. गॅसने ती नुसती लाल होत होती, कटत नव्हती. ग्राइंडरचं चाक सांध्यात शिरेना, जॅक लावायला जागा नव्हती. मेहुण्यावर ओली ब्लँकेटं घातली होती, ठिणग्या लागू नयेत म्हणून. त्याने त्यातून मान वर काढली. त्याला हायसं वाटल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं, आणि हेच लोण्याला पुढे जन्मभर सहन झालं नाही. "दादा आले," तो म्हणाला. "आता घाई करा फक्त."

लोण्याने रिकामी पेटी उघडली. तरीही उघडली. मग पुन्हा गॅस घेतला आणि वेड्यासारखा त्या पिनेवर झुंजत राहिला. तीन कांड्यांचं काम होतं हो, फार तर चार! चाळीस मिनिटांनी डॉक्टरने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. रक्त फार गेलं होतं. पिन कापता येत नव्हती, म्हणून पाय कापला.

चौकशी बसली. आदल्या दिवशी साहेबांनी लोण्याला बोलावून चहा पाजला. "सांग, कांड्या सर्दावल्या होत्या. ओलाव्याने खराब झाल्या, पेटल्या नाहीत. तू बंद करून ठेवल्या नाहीस, एवढी चूक पदरात घे. एक वर्षाची बढती थांबेल. बाकी मी बघतो."

लोण्याचं डोकं फिरलं. "मी खरं ते सांगणार आहे साहेब! तुमच्या बायकोच्या नावाला किती गेल्या, विमावाल्यांना किती गेल्या, सगळं. आणि शेवटच्या चार मी माझ्या भाचीसाठी जाळल्या, तेही सांगणार. मग मला काढा, नाहीतर फासावर द्या." चहा तसाच ठेवून तो तडक बहिणीकडे गेला. आधी घरच्यांना सांगायचं, मग चौकशीला.

मेहुणा आतल्या खोलीत गोळ्या घेऊन झोपला होता. बहिणीने ओट्याशी उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. बाहेरच्या खोलीत गेली, भिंतीवरचा पाटा उतरवला आणि धान्याच्या पिंपामागे टाकला.

"ह्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "इस्पितळातच बोलले. आम्ही दोघं तोंड मिटून बसलोय. तुम्ही उद्या बोललात तर गोदीभर होईल, शाळेत होईल. पोरीच्या नावासाठी बापाचा पाय गेला, असं जो तो तिला सांगेल. जन्मभर स्वतःला खात राहील ती, दादा."

"अगं, पण सगळे सुटतील! तो साहेब सुटेल!"

"सुटू दे मेला. माझी पोर सुटली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी लांब टेबलामागे पाच जण बसले होते. लोणी उभा राहिला आणि साहेबांनी पढवलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणाला. कांड्या सर्दावल्या होत्या. ठेवायची जबाबदारी माझी होती. साहेबांनी समाधानाने कागद सारखे केले. आता अपघात क्रमांक मिळाला होता, त्यामुळे पुढच्याच महिन्यात स्टोअरमध्ये सहा खोकी कांड्या आल्या.

निकालाची बातमी घरोघर गेली. रविवारी लोणी बहिणीकडे गेला तेव्हा भाची दारातच बसून बापाच्या कुबडीला कापड गुंडाळत होती. तिने वर बघितलं.

"मामा, कांड्या ओल्या झाल्या म्हणून बाबांचा पाय गेला?"

"हो."

"तू नीट ठेवल्या नाहीस?"

आतून बहीण बघत होती. "नाही ठेवल्या," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

पोरीने कुबडी उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. ती आज बाविशीची आहे. त्यानंतर तिने त्याला एकदाही मामा म्हटलेलं नाही.