मामीचा समुद्र

मामी माणसं समुद्राच्या थरांत मोजायची. पवनीला मामाच्या गल्लीत कोणी बडबड्या येऊन गेला की हातमागावरून न उठता म्हणायची, "वरच्या थराचा हाय. समदा उजेडच उजेड." खुद्द आमच्या मामाबद्दल तिचं मत होतं, "वीतभर उतरलं का लागला तळ." मामा समोर बसून हसायचा.

हे खूळ तिला माझ्यामुळे लागलं. कॉलेजात असताना मी मामाकडे राहायचे आणि मागाच्या खटखटीतच मोठ्यानं भूगोल पाठ करायचे. वरच्या दोनशे मीटरपर्यंत ऊन, हजारापर्यंत नुसता संधिप्रकाश, त्याखाली कायमचा काळोख, असं मी घोकत होते. मामीचा धोटा थांबला.

"मंग तेथचे मासे काय चाचपडत फिरते?"

मी सांगितलं, काही मासे अंगातूनच उजेड काढतात.

"म्हंजे कंदील संगंच घेऊन जाते!" बाई इतकी खूश झाली की त्या दिवशी मला जास्तीचा चहा मिळाला.

पुढे मामानं तिला हौसेनं गोसीखुर्दचं धरण दाखवायला नेलं. एवढं अफाट पाणी पाहून ती म्हणाली काय, तर "पयल्याच थरात संपला हा समुद्र."

माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं जाहीर केलं, शालू विकत आणायचा नाही, पोरीला मी समुद्र विणून देते. उभा ताणा निळा, आडवा बाणा बदलत जाणार: पदर सोनेरी जरीचा, मग फिकट निळा, मग गडद, आणि शेवटी काळा. काळ्या धाग्याच्या कांड्या पाहिल्या आणि लग्नाच्या तयारीला आलेल्या माझ्या आईचा पारा चढला.

"वैनी, लग्नात काळं? लोकं काय म्हनतीन?"

मामानंही बहिणीचीच री ओढली. निळ्यावर थांब, म्हणाला.

"अर्धा समुद्र देऊ का पोरीले? उजेड संपला का समुद्र संपते का?" मामी हट्टाला पेटली आणि माग बंद पडला. लग्न तोंडावर आलेलं, आई बाजारातून शालू आणायला निघालेली, मामीला जेवण गोड लागेना. मला दोघींचंही पटत होतं.

एका सकाळी स्वतःचं पातळ नेसता नेसता मामी ओरडलीच. पहिलं टोक कमरेत खोचलेलं, हात तिथंच.

"ताई, हे टोक कोणाले दिसते का? पदर वर, उजेड वर. काळं समदं आतमंदी. लोकायची नजर पोचतच नाही तेथवर!"

आईला हसू फुटलं.

"दिसत नाही ना? मंग मी पाह्यलंच नाही."

लग्नाच्या दिवशी मामीनंच मला शालू नेसवला. ती काळं टोक खोचत असताना माझ्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. वाकून पाहिलं, तर काळ्यात जरीचे बारीक ठिपके. मासे! हे तिनं आईलाच काय, मलाही सांगितलं नव्हतं.

"गप," ती कानाशी कुजबुजली, "बाकीच्यायले पदर पाहू दे. हे तुह्ये."

मंडपात जो तो पदराचं कौतुक करत होता आणि मामी लांबून मला डोळे मिचकावत होती.

मामी गेली, मामानं माग उकलून ठेवला. खरा समुद्र तिनं कधी पाहिला नाही. मला तिची फार आठवण येते. पण सणासुदीला शालू काढला की आधी तेच टोक हातात येतं, पदराची पाळी शेवटी. खोचताना मी बोट मुद्दाम त्या ठिपक्यांवरून फिरवते आणि भरल्या घरात एकटीच हसते.