उंबरठा नसलेलं घर

काल तंजावरच्या टाऊन बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. त्यांनी पिशवी सोडली, विड्याच्या पानाच्या शिरा नखानं काढल्या, चुना लावला आणि वरून गुलाबपाणी मारलेल्या तंबाखूची चिमूट टाकली. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर तो वास सरळ माझ्या तोंडावर आला. या गावात तो कुणालाच खटकत नाही. कावेरीकाठची कोवळी पानं आणि ही गोडसर तंबाखू म्हणजे इथल्या जेवणानंतरच्या दुपारींचा वास. लग्न होऊन मी वाईहून इथे आले तेव्हा मलाही तो आवडला होता. आता तो आला की माझं डोकं उठतं. मी उठून मागे गेले आणि राजवाड्याचा स्टॉप येईपर्यंत दांडी धरून मनातल्या मनात एका माणसाशी भांडत राहिले. तो माणूस अजून हयात आहे, खाऊनपिऊन सुखी आहे.

ते माझे थोरले दीर; त्यांच्याही तोंडाला कायम हाच वास. त्यांच्याबद्दल काहीतरी गोड लिहावं असं मी पुष्कळदा मनावर घेतलं. आठवणी लिहिताना माणसं जरा उजळून घ्यावीत असा आपल्याकडे रिवाजच आहे. मला ते जमत नाही. आमच्या कुळात कुणाला घर घ्यायचं असलं की पहिलं बोलावणं त्यांना जाई. जमिनीचे कागद, विहिरीचं पाणी, ईशान्य कोपरा, शेजाऱ्याची भिंत, सगळ्यातलं त्यांना कळतं अशी ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतः जन्मभर भाड्याच्या घरात राहून मिळवली होती. 'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो. भावजींनी त्यातलं 'घर पाहावं' एवढंच घेतलं. "घर घेऊन पस्तावलेले मीं पुष्कळ पाहिलेत," ते म्हणायचे, "न घेऊन पस्तावला असा एक दाखवा." उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो, यांच्याकडे तोही नव्हता. पण बायपासजवळच्या नव्या वस्तीतलं एक घर त्यांनी आम्हाला घेऊ दिलं नाही, कारण ते भाताच्या खाचरात भराव घालून बांधलेलं होतं, आणि पुढच्याच दिवाळीच्या पावसात (इकडचा मोठा पाऊस तेव्हाच) तिथे गुडघाभर पाणी साचलं. ते एकदा बरोबर ठरले आणि तिथेच आमचं वाटोळं झालं. त्यानंतर त्यांच्या शब्दाबाहेर जायची माझ्या नवऱ्याची हिंमत झाली नाही.

मला घर कशासाठी हवं होतं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की बाईला भिंतींची हौस. माझी आई वाईला एकटी होती. अर्धांगाचा हलका झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा पाय ओढला जाई. भिंतीला हात लावून ती घरात फिरे, आणि शेजारची मुलगी दोन वेळा डोकावून जाई. मी तिची एकुलती एक. तिला इथे आणायचं ठरलंच होतं, पण आम्ही राहायचो माडीवर, अंधाऱ्या अरुंद जिन्याच्या वर, आणि घरमालक पाहुणा आला तरी पाण्याच्या मोटारीकडे बघून उसासे टाकणारा. दोघांना भाड्यानं दिलंय, तिसरं माणूस चालणार नाही, हे त्यानं आधीच बजावलं होतं. आई रोज संध्याकाळी फोनवर दुसरंतिसरं बोलायची आणि ठेवता ठेवता विचारायची, "बघितलं का गं एखादं?" बघत तर आम्ही सतत होतो. प्रत्येक घराला भावजींनी नाक मुरडलं होतं. एकाचं दार दक्षिणेला, एकाचा मालक कोर्टकचेरीतला, एकाच्या अंगणात आवळा नको तिथे आला होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, ती सगळी विघ्नं या एका मध्यस्थाच्या खिशात होती.

इथे जरा वेगळं काही सांगावं लागेल. तंजावरची मराठी मी पहिल्यांदा ऐकली ती सासरच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर. आमच्याकडून कधीच गेलेली रूपं पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या या लोकांच्या तोंडी अजून नांदत होती, वर तमिळ हेल, मध्येच एखादा तमिळ शब्द, आणि 'पाहिजे' म्हणायचं तिथे 'होणें'. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुला काय होणें तें मोकळेपणीं सांग," आणि एवढ्या दूर येऊन पडलेल्या मला त्या वाक्यानं रडू आलं होतं. ही भाषा घरात जपली गेली याचं मला अपार कौतुक होतं. ती घराबाहेर कशासाठी वापरतात हे मला हळूहळू कळलं. साडीच्या दुकानात विक्रेत्यासमोर, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईसमोर, दवाखान्यात नर्ससमोर ही माणसं बिनदिक्कत मराठीत शेरे मारत, अगदी चेहऱ्यावर हसू ठेवून. समोरच्याला कळत नाही म्हणजे बोललोच नाही, असा हिशेब. भावजींचा तर त्यात हातखंडा होता. घर बघायला गेले की ते मालकाशी तमिळमध्ये गोड बोलत आणि त्याच स्वरात, मान डोलावत, आमच्याशी मराठीत त्या घराची सालटी काढत. मालकाला वाटे, स्वारी खूश आहे.

ते घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत होतं. जुनं म्हणावं असं नव्हतं, नवंही नव्हतं. दाराशी सकाळचं कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, मागे विहीर, शेवग्याचं एक झाड. मालकीणबाई विधवा, साठीच्या पुढच्या, एकट्या, लेकीकडे कोइंबतूरला जायला निघालेल्या. तमिळ बोलत होत्या, कमी आणि हळू. मी आत पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटून खाली बघितलं. उंबरठा नव्हता. कुठल्याच दाराला नव्हता. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी कठडा बसवलेला होता, पलंगापासून निघून तो न्हाणीघरापर्यंत सलग जात होता, आणि न्हाणीघराचं दार दुप्पट रुंद करून घेतलेलं होतं. मी त्या कठड्यावरून हात फिरवला. हात लागून लागून तो गुळगुळीत झाला होता. मी नवऱ्याला हलकेच म्हटलं, "आई इथे आपली आपण चालेल." मला दुसरं काही बघायचंच नव्हतं, विहिरीत पाणी आहे की नाही तेसुद्धा.

भावजी बोटाच्या पेरांनी भिंती वाजवत मागून आले. बाई स्टीलच्या पेल्यांतून ताक घेऊन उभ्या होत्या. भावजींनी त्यांच्याकडे बघून प्रसन्न हास्य केलं आणि आम्हाला म्हणाले, "उंबरठाच नाहीं. असल्या घरांत लक्ष्मी टिकत नाहीं. आणि ही खोली पहा, कोणी तरी वर्सानुवर्सें येथें हगून मुतून मेलेलें आहे. वास येतो. किती चुना लावा, जायचा नाहीं." हे बोलताना त्यांनी पेला घेतला आणि तमिळमध्ये आभार मानले. बाईही हसल्या. मग पेल्यांचं तबक पलंगावर ठेवून त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "ते निजून होते तेव्हां रोज दोनदां फिनेल घालून पुसत होतें मी ही खोली. तरी वास येतो म्हणतां कीं?" त्यांनी एक पेला माझ्यापुढे केला. "मोर प्या," त्या म्हणाल्या; इकडे ताकाला मोरच म्हणतात. "बाहेर ऊन आहे."

एखाद्याची अशा वेळी मान खाली गेली असती. भावजींचा चेहरा मात्र उजळला. "तुम्ही आपल्यापैकींच कीं," ते म्हणाले, "कोणाच्या घरच्या?" गावातली आपली सगळी माणसं मला ठाऊक आहेत हा त्यांचा जुना अभिमान, आणि ही त्यातून सुटली कशी याचंच त्यांना नवल. बाई रिकामे पेले गोळा करू लागल्या. त्या खेड्यातल्या कुठल्याशा मराठा घरातल्या, लग्न होऊन तमिळ घरात आलेल्या, हे मला नंतर कळलं. त्यांच्यासारख्यांची नोंद भावजींच्या डोक्यात कधी झालीच नव्हती. परतताना ऑटोत ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "पाहिलेंस? मराठी येते हें लपवून ठेवलें तिनें. असल्यांशीं व्यवहार नको, पस्तावाल." माझा नवरा रस्त्याकडे बघत बसला होता. त्या दिवशी मला दोघांचाही सारखाच तिटकारा आला.

दुसऱ्या दिवशी, मी शिकवत होते ती शाळा सुटल्यावर, मी एकटीच गेले. बाईंनी मला आत बोलावलं, कॉफी दिली. मी आईचं सगळं सांगितलं, हात जोडले, आणि दिरांच्या वतीनं माफी मागायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "तूं काल बोललीस तेंही मला ऐकूं आलें, अम्मा. आई आपली आपण चालेल म्हणालीस. तुलाच द्यावें असें तेव्हां वाटलें होतें." मग माझा रिकामा पेला उचलत म्हणाल्या, "आतां नाहीं देणार. माझ्या माणसाच्या खोलींत उभे राहून त्यांनीं असें म्हटलें. उद्यां तुझी आई तेथें निजली कीं तिच्या उशाशीं उभे राहून म्हणतील. तिला तर मराठी कळते कीं नाहीं?" भावजी आमच्यात राहत नाहीत, मी म्हटलं. "राहायला कशाला होणें? येऊन बोलून गेले कीं पुरे." रागाचा धनी दुसरा आणि भुर्दंड मला, असं वाटून मी त्या बाईंवरही मनातून चिडले. त्यांनी मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं. ते घर नंतर एका होजियरीवाल्यानं घेतलं.

आई शेवटी पुण्याला माझ्या मामेभावाकडे गेली. त्यांनी तिला चांगलं ठेवलं, उगाच कशाला खोटं बोलू, पण हॉलमधल्या सोफ्यावर ठेवलं, कारण तेवढीच जागा होती. तिथे धरून चालायला भिंत नव्हती, सगळीकडे कपाटं आणि काचा. ती चालायची थांबली. घराचं विचारायचीही थांबली, आणि ते मला जास्त लागलं. पुढच्या वर्षाच्या शेवटी ती गेली; मी रजा काढून पोचले तेव्हा सोफ्यावर नवीन चादरसुद्धा घालून झाली होती. ती कुठेही असती तरी गेलीच असती, एवढं मलाही कळतं. पण तिच्या खोलीची जमीन मला पुसायची होती. तिच्या खोलीला वास आला असता तर तो माझ्या घरात आला असता, आणि ज्याला नाक मुरडायचं त्यानं खुशाल मुरडलं असतं.

मी तंजावरला परतले तेव्हा शाळेतल्या चौघीजणी भेटायला आल्या. थोरले भावजीही आले, मोठ्या खुर्चीत बसले. मुख्याध्यापिका माझा हात धरून बसल्या होत्या. नवऱ्यानं सगळ्यांना कॉफी दिली. मग भावजींनी सुस्कारा टाकला आणि अतिशय मायेच्या स्वरात मराठीत म्हणाले, "एका परीनें बरें झालें तें घर घेतलें नाहीं. आतां ती खोली पाहून पस्तावत बसली असतीस." सगळ्या जणी त्यांच्याकडे आदरानं बघत होत्या; मोठं माणूस काहीतरी धीराचं बोललं असणार. मुख्याध्यापिकांनी मला तमिळमध्ये हळूच विचारलं, काय म्हणाले थोरले?

लग्नाच्या वेळी माझी तमिळ भाजीबाजारापुरती होती. आता ती चांगली झाली होती. मी त्यांना सांगितलं, शब्दाला शब्द, पदरचं काही न घालता: कुठलं घर, कुठली खोली, आणि आई मेल्यावर ते घर न घेतलेलं कसं बरं झालं. मुख्याध्यापिकांनी हातातली कॉफी खाली ठेवली. बाकीच्यांनी भावजींकडे बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. भावजींचे कान लाल झाले. "अय्यो, असें चार लोकांपुढें कां सांगायचें?" ते मला मराठीत म्हणाले. मी तेही तमिळमध्ये सांगितलं.

याला बरीच वर्षं झाली. काळ राग बोथट करतो म्हणतात. माझा तसा झाला असेल तर मला पत्ता नाही. आम्ही पुढे लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला, त्यात खोड काढण्यासारखं काहीच नाही, आणि मला त्याच्याविषयी काहीच वाटत नाही. नात्यात कुणाला घर घ्यायचं झालं की अजून भावजींनाच नेतात. त्या दिवसापासून आमच्याकडे येतात तेव्हा दारातून शिरल्यापासून जाईपर्यंत ते तमिळ बोलतात, माझ्याशी, भावाशी, सगळ्यांशी. त्यांच्यामागून नवराही घरात तमिळवर गेला. सासूबाई नाहीत, आई नाही. ज्या भाषेनं इथे मला पहिल्या दिवशी जवळ घेतलं होतं, ती आता या घरात कुणी बोलत नाही, आणि तिचं दार मीच लावून घेतलं असं नवऱ्याला वाटतं. मध्ये एकदा त्यानं विचारलं, तमिळमध्येच, की तेव्हा तसं केल्याचा तुला पस्तावा होतो का. मी नाही म्हटलं. मराठीत म्हटलं.