प्रभुभोजनाचे छोटे कप

धुळ्याकडच्या आमच्या गावात चहाच्या हॉटेलाबाहेर खुंटीला आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कप वेगळा टांगलेला असे. पिऊन झाल्यावर तो त्यांनीच विसळायचा. चर्चमध्ये मात्र प्रभुभोजनाला सगळे द्राक्षारसाच्या एकाच प्याल्याला तोंड लावतात, हे पाहून ते ख्रिस्ती झाले. मी ईश्वरविद्या शिकलो आणि त्या एका प्याल्याने जात कशी मोडते, यावर जाडजूड प्रबंध लिहिला.

मग करोना आला आणि जळगावच्या आमच्या चर्चमध्ये प्लास्टिकचे छोटे कप आले. करोना गेला, कप राहिले. कमिटीत मी भांडभांड भांडलो. "सर, स्वच्छतेचा प्रश्न आहे," म्हणे! बाहेर टपरीवर हीच माणसं आपापल्या जातवाल्यासोबत एक चहा दोघांत पितात, तेव्हा कुठे जाते यांची स्वच्छता? चांदीचा प्याला कपाटात गेला. माझा प्रबंधही त्याच कपाटात आहे.

गेल्या ईस्टरला आबा गावाहून आले. हातात दिलेल्या छोट्या कपाकडे ते बघत राहिले.

"आठेबी मना कप न्याराच शे का रे?"

"आबा, आता सगळ्यांचाच वेगळा असतो," मी म्हणालो.

ते द्राक्षारस प्यायले, बाहेर नळावर गेले आणि तो फेकून द्यायचा कप विसळू लागले.