मोठ्या आईनं निवडलेलं डीएनएस

मेडशीच्या आमच्या घरात इंटरनेटची वायर आली ती थेट धान्याच्या खोलीत. वायरवाला आला तेव्हा मी तालुक्याला, मालेगावला, गेले होते. बाकीच्या भिंती नुकत्याच रंगवलेल्या, म्हणून मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूनं, त्याला भोक पाडायला तीच एक भिंत दिली. तेव्हापासून पुण्याच्या कंपनीची नोकरी मी सोयाबीनच्या पोत्यांना टेकून करते आणि मोठी आई समोर बसून तूर पाखडते. खोली तिची, मी पाहुणी.

आमच्या कंपनीचे शेकडो छोटे प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात, चालतात. डबे मरतात, नवे उगवतात, दर वेळी पत्ता बदलतो. म्हणून नाव सांगितलं की आजचा पत्ता देणारी एक सेवा लागते, तिला डीएनएस म्हणतात. आमची जुनी झाली होती. तिचीच नवी आवृत्ती घ्यायची की दुसरीच सेवा आणायची, यावर तीन आठवडे मीटिंगा चालल्या होत्या.

चौथ्या आठवड्यात मोठी आई कंटाळली. "काय वं, काय फरक हाय दोघात?" तिनं सूप खाली ठेवून विचारलं.

"जुनीत तीन प्रोग्रॅम मिळून एक काम करतात. नवीत एकच करतो."

"एकाच्या कामाले तिघं कायले पायजेत? थे एकवालं घ्या अन् उठा. जेवाची येळ झाली."

माझा माइक चालू होता. पलीकडून साहेब म्हणाले, "कोण बोललं ते? बरोबर आहे त्यांचं." मीटिंग संपली.

आधी चाचणीच्या क्लस्टरवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या मशीनांच्या गटावर, नवी सेवा लावली. ती सुरू व्हायची, क्षणभर जगायची आणि मरायची. पुन्हा सुरू, पुन्हा मरण. दोन दिवस मी माहिती वाचत बसले, तेव्हा कुठे कारण सापडलं. आपल्याला ठाऊक नसलेलं नाव आलं, तर मशीनमधल्या एका फाइलीत ज्याचा पत्ता असेल त्याला विचारायचं, असा नियम होता. फाइलीत पत्ता लिहिला होता त्याच मशीनचा. जुन्या सेवेला कुणीतरी कधीकाळी बाहेरचा पत्ता वेगळा लिहून दिला होता, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

मोठ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे थे सोताच सोताले इचारून राह्यलं?"

"हो. आणि ते ध्यानात आलं की काम सोडून जाते."

"बाप्पा!" ती इतकी हसली, की सूप उलटलं आणि पसाभर तूर माझ्या लॅपटॉपवर सांडली. एक दाणा एंटरच्या बटणाखाली जाऊन बसला. केसातली पिन काढून तो उकरता उकरता ती म्हणाली, "मंग त्याले बी बाहेरच्याचा पत्ता लेहून दे ना."

मी तेच करणार होते, पण ती आधी बोलली हे खरं. पत्ता लिहिला, सेवा टिकली.

खरा बदल एका दुपारी करायचा ठरला. सगळे जमले आणि साहेबांनी आधी विचारलं, "मोठ्या आई आहेत ना?" ती "हाव" म्हणाली आणि लाईट गेली. मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर. मी लॅपटॉप घेऊन वर पळाले, मोठी आई काठी घेऊन मागे आली, कारण गच्चीवर वड्या वाळत घातल्या होत्या आणि कठड्यावर वानरांची पंगत बसली होती.

मी फोन लॅपटॉपला जोडला, मीटिंगमध्ये परत शिरले आणि नवी सेवा चालू केली. एकेक प्रोग्रॅम तिच्याकडून पत्ते घेऊ लागला. पुण्यातला सहकारी पडद्यावर नजर ठेवून होता. काही चुकलं तर लगेच जुन्या सेवेवर परतायचं काम त्याचं. तेवढ्यात एक दांडगं वानर वड्यांकडे उतरलं.

"मांगं हो!" मोठी आई गरजली. "मांगं हो म्हनलं ना! आत्ताच्या आत्ता!"

वानर हललं नाही. पुण्याचा पोरगा हलला. पडद्यावर माझ्यादेखत सगळं परत जुन्या सेवेवर गेलं.

"अरे, का घेतलं मागे?" मी ओरडले.

"काकू म्हणाल्या ना!" तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांना काहीतरी दिसलं."

"त्यांना वानर दिसलं!"

साहेबांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वानरानं दोन्ही हातांनी वड्या उचलल्या आणि ते कडुलिंबावर जाऊन बसलं. आम्ही पुन्हा सुरुवात केली. मोठी आई तोंडावर पदर धरून गप्प उभी राहिली, नुसती काठी फिरवत. पाऊण तासात सगळे प्रोग्रॅम नव्या सेवेवर आले, एकही अडखळला नाही.

साहेबांनी त्या दिवशीच्या अहवालात एक ओळ घातली: 'मागे घेण्याच्या सूचना यापुढे फक्त लेखी द्याव्यात.' मोठ्या आईला ती वाचून दाखवली, तर ती रुसली. "मी काय पुन्याच्या पोराले बोलली? त्यानं काहून आयकलं? वानरानं तं आयकलं नाई."

शेजारीण गच्चीवरच्या आरडाओरड्याचं विचारायला आली तेव्हा मोठ्या आईनं सगळी हकिकत सांगितली. तिच्या सांगण्यात पाचच वड्या गेल्या होत्या आणि पुण्याची अख्खी कंपनी वाचली होती.