तियाच्या भावाचा फोटो

तिया सुकी मिरची कानाशी धरून हलवायची. बी खुळखुळलं तर पिशवीत, नाहीतर परत पोत्यात. कुवेतमध्ये, सबाह अल-सालेममधल्या आमच्या गल्लीतला बकालावाला, म्हणजे किराणावाला, तिला बघून हसायचा. तिने मेक्सिकोहून आणलेल्या मिरच्या संपल्यावर मी तिला ब्याडगी दिली, तेव्हा तिने तीही हलवून पाहिली आणि म्हणाली, "ही पण बोलते."

ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिचा आणि माझा नवरा एकाच प्लँटवर इंजिनिअर. तिच्या भाषेत तिया म्हणजे मावशी. माझी मुलगी तिला तसं म्हणायची आणि मला ते 'ताई'च ऐकू यायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. इंग्रजी दोघींचं सारखंच मोडकं, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तिने दार वाजवून चुना मागितला. मी विचारलं, "पान खातेस?" तिला मका शिजवायचा होता. चुन्याच्या पाण्यात उकळलेला मका ती दुसऱ्या दिवशी चोळून सोलायची, वाटायची आणि हातावर भाकरीसारख्या टोर्तिया थापायची. तिला हवा तसा सपाट तवा शुवैखच्या एका वर्कशॉपमधल्या राजापूरच्या वेल्डरने पत्रा कापून करून दिला. "आमच्या दक्षिणेकडे सांगतात," टोर्तिया उलटताना ती एकदा म्हणाली, "देवांनी आधी मातीची माणसं केली, ती विरघळली. मग मक्याची केली, ती टिकली." मग टोर्तिया फडक्यात ठेवत म्हणाली, "टिकली असं म्हणतात."

एका संध्याकाळी दस्मानच्या किनाऱ्यावर माझ्या मुलीने तिच्याकडे भुताची गोष्ट मागितली. तियाने रडणाऱ्या बाईची सांगितली. त्या बाईने रागाच्या भरात स्वतःची मुलं नदीत बुडवली आणि तेव्हापासून ती पाण्याकाठी रडत त्यांना शोधत फिरते. मुलगी "सो स्केरी!" म्हणत पळाली. मग तिया मला म्हणाली, "आता आमच्याकडे अशा खूप बायका फिरतात. फक्त यांनी आपली मुलं बुडवलेली नाहीत."

तिची आई त्यांच्यातलीच एक होती. तियाचा धाकटा भाऊ ट्रकवर टरबुजं घालून निघाला होता. ट्रक महामार्गावर सापडला. तो सापडला नाही. दर रविवारी आई आणखी काही बायांबरोबर माळरानावर शोधायला जायची. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, उपसायची आणि टोकाचा वास घ्यायची. "कसला वास?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी मला कळलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आमच्या दिवाळीच्या आगेमागे, मेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात म्हणून तिया त्यांच्यासाठी चौरंगासारखी मांडणी करायची. फोटो, मेणबत्त्या, पाव, मीठ, पाणी आणि झेंडू. झेंडू आमचाच, असं मी म्हटलं की ती हसायची, "तो आमच्याकडून तुमच्याकडे आला." तिच्या वडिलांना मद्य लागायचं. ते कुवेतमध्ये कुठून आणायचं? ती चिंचेचं सरबत ठेवायची आणि फोटोची माफी मागायची. त्या रांगेत भावाचा फोटो नव्हता. तो तिच्या पर्समध्ये असायचा. "इथे ठेवला की तो मेला," ती म्हणायची.

"तुमच्यात हरवलेल्या माणसाचं काय करतात?" तिने मला विचारलं होतं. मी ऐकलेलं सांगितलं, की बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तिने बोटं मोजली. "अजून पाच आहेत," म्हणाली, आणि मी उगाचच "होईल काहीतरी" म्हटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिची आई गेली. एका रविवारी माळावरच उन्हाने पडली, ती उठली नाही. तिया विमानाने पोचेपर्यंत माती झाली होती.

त्या नोव्हेंबरात मी झेंडू घेऊन गेले, तर आईच्या फोटोशेजारी भावाचा फोटो होता. पंचविशीतला, टोपी उलटी घातलेला, हसरा. मी फुलं खाली ठेवली. तीच म्हणाली, "आई आज घरी येणार. तो इथे दिसला नाही तर ती तशीच पुन्हा शोधायला निघेल. मेल्यावर तरी तिने बसावं." मग जमिनीवर बसून पाकळ्या तोडत राहिली. "एवढ्या वर्षांत त्याला कोणी मारलं ते कळलं नाही. आता निदान एक नाव माहीत आहे. माझं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो हळूच काढला.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपलं. निघायच्या सकाळी लिफ्टपाशी सामानाच्या पेट्या होत्या. मी विचारलं, "तिथे आता तुझं कोण आहे गं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "पण कागदावर घरच्या कुणाची तरी सही लागते. भाऊ आता नाही, असं लिहून द्यायला. आईने कधी केली नाही."

महिन्याभराने तिचा मेसेज आला. दोनच शब्द: सही केली. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते पाठवायचं राहिलं. त्यानंतर तिचा नंबर बंद झाला.